विंगवरचा मुलगा आणि सहीसाठी आलेला कागद

पत्राचा सारांश: सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा सतरा वर्षांचा, इयर ट्वेल्वला. सहाव्या वर्षी शेजारच्या मुलाचं बघून रग्बी लीग खेळायला गेला आणि तिथेच रमला. यंदा एका मोठ्या क्लबकडून एसजी बॉल, म्हणजे १९ वर्षांखालच्यांच्या स्पर्धेत तो विंगर (अगदी कडेच्या जागेवरचा खेळाडू) म्हणून खेळला. आता क्लबने दोन वर्षांचा करार पुढे केला आहे. पैसे किरकोळ, पण कागदावर क्लबचा शिक्का आहे. मुलगा म्हणतो, आता एचएससी द्यायची काही गरज नाही. बाबा मूळचे सांगलीचे, आयटीत नोकरी. ‘मी सही करणार नाही’ एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. तीन आठवडे झाले, बापलेक एका टेबलावर जेवत नाहीत. सामन्यानंतर पार्किंगमध्ये एका गृहस्थाने ‘मी एजंट आहे’ म्हणून कार्डही दिलं आहे. आई विचारते: विंगरचं करिअर किती वर्षं टिकतं? तो कडेला उभा असतो, म्हणजे मार कमी लागतो ना? आपल्या मुलांच्या अंगकाठीला हा खेळ झेपेल का? सही करू की नको? पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: ‘हे स्वतः कॉलेजात कबड्डी खेळायचे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती, परीक्षा आली म्हणून गेले नाहीत.’ नावाच्या जागी लिहिलंय, ‘टचलाइनवरची आई’.

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी कॅलेंडर काढलं. एसजी बॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि थंडी पडायच्या सुमाराला आटोपतो. एचएससीचे पेपर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पुढच्या हंगामाची तयारी जोरात सुरू व्हायची ती साधारण पेपर संपता संपता. मग परीक्षा आणि फुटी, म्हणजे रग्बी लीग, यांची गाठ पडते तरी कुठे? क्लबने परीक्षा देऊ नको म्हटल्याचं तुमच्या पत्रात कुठेही नाही. सहसा क्लब तसं म्हणतही नाहीत, उलट तरुण खेळाडूंचं शिक्षण आणि नोकरी बघायला तिथे माणूस नेमलेला असतो.

म्हणजे ‘परीक्षा नको’ हे मुलाचं स्वतःचं म्हणणं आहे. मी वीस वर्षं इथल्या सरकारी हायस्कुलात करिअर सल्लागार होते. अशा मुलांपैकी निम्म्यांना खेळासाठी परीक्षा सोडायची नसते, त्यांना परीक्षेची धास्ती असते आणि खेळ हे त्यातल्या त्यात अब्रूचं कारण असतं. तुमच्या मुलाचं तसंच असेल असा माझा दावा नाही. पण सहीबद्दल बोलण्याआधी एकदा गाडीतून जाताना, त्याच्याकडे न बघता, सहज विचारा की कुठला पेपर जड जातोय. (इथल्या बारावीलाही एचएससीच म्हणतात, हा आपल्या पिढीवर कुणीतरी उगवलेला सूड आहे. ती तीन अक्षरं ऐकली की पन्नाशीच्या बापालाही घाम फुटतो.)

आता बाबांचा मुद्दा. खेळून पोट भरतं का, असं ते विचारत असणार. गंमत अशी की रग्बी लीग याच प्रश्नातून जन्माला आली. १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात काही क्लबांची माणसं जमली. यॉर्कशायर आणि लँकेशायरचे गिरणीकामगार, खाणकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. तेवढी भरून द्या, एवढंच मागणं होतं. लंडनच्या रग्बीवाल्यांना ते चाललं नाही, म्हणून हे वेगळे झाले. सिडनीत १९०८ साली पहिला हंगाम झाला, तोही कामकऱ्यांच्या वस्त्यांतून. लालबाग-परळच्या गिरण्यांभोवती कबड्डी वाढली, तशीच काहीशी ही गोष्ट. त्यामुळे बाबांचा प्रश्न खेळाचा अपमान करणारा आहे असं मुलाने समजू नये. या खेळातला सगळ्यात जुना प्रश्न आहे तो.

त्याचं उत्तर मात्र आकड्यांत द्यावं लागेल. एनआरएल, म्हणजे रग्बी लीगची इथली सर्वांत वरची स्पर्धा, तिच्यात सध्या १७ संघ आहेत. प्रत्येक संघात विंगर दोन, जर्सी नंबर २ आणि ५. संघांची संख्या विषम, त्यामुळे दर आठवड्याला निदान एक संघ घरी बसतो. उरले १६. म्हणजे कुठल्याही शनिवार-रविवारी फार तर ३२ जण विंगर म्हणून मैदानात उतरतात. त्यात एक क्लब न्यूझीलंडचा. २०२७ मध्ये पर्थचा आणि २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ यायचं ठरलं आहे, तेव्हा थोड्या जागा वाढतील. या ३२ च्या खाली न्यू साउथ वेल्स कप आहे, तिथले बरेच जण दिवसा कामावर जाऊन संध्याकाळी सरावाला येतात. त्याच्याही खाली २१ वर्षांखालच्यांची जर्सी फ्लेग. तुमच्या हातातला कागद बहुधा या शेवटच्या पायरीचा आहे. मुलाला तो एनआरएलचा दरवाजा वाटतोय आणि बाबांना खाई. खरं तर तो जिन्याचा तुकडा आहे, वर अजून दोन मजले बाकी आहेत.

कडेला उभा म्हणजे मार कमी, हा तुमचा दिलासा काढून घेताना मला बरं वाटत नाही. पण तो घ्यायलाच हवा. विंगर थंडी खात उभा राहायचा आणि महिन्यातून एकदा चेंडू हातात आला की पळायचा, ते दिवस गेले. सहा टॅकल (समोरच्यांनी पकडून आडवं करणं) संपायच्या आत चेंडू पुढे न्यायचा असतो, नाहीतर तो समोरच्याला द्यावा लागतो. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा उंच किक मारतात, आणि ती मारतात ती विंगरच्याच डोक्यावर. त्याने मान वर करून, चेंडूवर नजर ठेवून उडी मारायची. झेल घेताना हवेत असेपर्यंत त्याला टॅकल करायला मनाई आहे. पण पाय जमिनीला टेकले, की शंभर-शंभर किलोचे दोघे-तिघे त्याच्यावर येतात. तेवढ्यावर सुटका नाही. आपल्याच गोललाइनजवळून चेंडू बाहेर काढायचा, तर फॉरवर्ड (मध्ये खेळणारे दांडगे गडी) दमलेले असतात, म्हणून पहिल्या एक-दोन धावा विंगरनेच समोरच्या भिंतीवर घ्यायच्या. पेनरिथ क्लबचा विंगर ब्रायन टोओ बघा. तुमच्याच बाजूच्या माउंट ड्रुइटचा मुलगा. पेनरिथने २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं विजेतेपद मिळवलं, त्यात त्याने ट्राय (गोललाइनपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं) केले ते केलेच, पण नाव झालं ते एकेका सामन्यात दोनशे-दोनशे मीटर अंगावर मार घेत पुढे नेण्याबद्दल. जुन्या काळी हे विंगरचं काम धरलंच जात नसे.

आणि बचाव करताना? समोरून चेंडू हातोहात सरकत येतोय, आपल्या बाजूला त्यांचा एक माणूस जास्त आहे. विंगरने कडेला थांबून आपल्या माणसावर नजर ठेवायची की आत धावून चेंडूवाल्याला आडवं करायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. चुकला तर मागे कोणी नसतं, थेट ट्राय. मध्ये खेळणाऱ्या फॉरवर्डची चूक गर्दीत झाकून जाते, विंगरची चूक मोठ्या पडद्यावर तीनदा दाखवतात. अशा घाईच्या टॅकलमध्ये डोकं चुकीच्या बाजूला गेलं की समोरच्याचा गुडघा किंवा कंबर कपाळावर बसते. २०२३ पासून एनआरएलने मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला निदान ११ दिवस बाहेर बसवण्याचा नियम केला आहे. तो उगाच आलेला नाही. तुमच्या घरापुरता नियम त्याहून कडक ठेवा: डोक्याला लागल्याचं लपवलं, तर त्या दिवशी फुटी बंद. पैशांवरून, मार्कांवरून तडजोड करा. यावर करू नका.

आता करिअर किती वर्षांचं. नेमका आकडा देऊन मी तुमची फसवणूक करणार नाही, कारण विंगरचं करिअर वर्षांत मोजलं तर कळत नाही. ते दुसऱ्यांच्या निर्णयांवर उभं असतं. त्याच्या हातात चेंडू येतो तो आतले चार-पाच जण नीट खेळले तर. पैशाचंही तसंच. क्लबला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा घालून दिलेली असते, आणि तो आधी जातो फुलबॅक (सर्वांत मागे खेळणारा), हाफ (चाली रचणारा) आणि बिनीच्या फॉरवर्डांकडे. कात्री लावायची वेळ आली की नजर पहिली विंगकडे वळते.

साउथ सिडनी क्लबच्या विंगरचं, ॲलेक्स जॉन्स्टनचं उदाहरण मुलाला नक्की माहीत असेल, त्यालाच सांगायला लावा. २०१४ मध्ये पोरवयात पहिला हंगाम खेळला आणि त्याच वर्षी क्लब विजेता झाला. २०२० मध्ये त्याच क्लबने त्याला पुढचा करार द्यायचा नाही असं जवळजवळ ठरवलं होतं. तो मेलबर्नला जाणार अशी चर्चा होती. चाहते चिडले, क्लबने विचार बदलला. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त ट्राय त्याचेच, २३. पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी ३०. केन अर्विनचा इथल्या लीगमधला २१२ ट्रायचा विक्रम १९७३ पासून कुणाला गाठता आला नव्हता, त्याच्या मागे जाऊन या माणसाने दोनशेचा आकडा ओलांडला. मध्ये टाचेमागची शीर तुटून बाहेरही बसला. मुलाला या गोष्टीतले ट्राय आठवतील. तुम्ही त्याला २०२० ची ती मधली काही आठवड्यांची अवस्था विचारा: जो पुढे विक्रमाच्या दारात गेला, त्यालाही तेव्हा आपण पुढच्या वर्षी कुठे असू ते माहीत नव्हतं.

टिकणारे टिकतात, हेही खोटं नाही. इंग्लंडमधल्या लीड्स क्लबचा रायन हॉल विंगवर खेळून सहा ग्रँड फायनल जिंकला, २०१९ मध्ये सिडनीला आला, इथे त्याला फारसं खेळायला मिळालं नाही, परत गेला आणि पस्तिशी उलटल्यावरही तिकडे ट्राय करत राहिला. म्हणजे इथे जागा नसली तर इंग्लंडचा उत्तर भाग आहे. थंडी, पाऊस आणि आईपासून सतरा हजार किलोमीटर, एवढं सोडलं तर वाईट नाही.

अंगकाठीबद्दल तुम्हाला कुणीतरी गणपतीच्या कार्यक्रमात टोचून बोललेलं दिसतंय. एनआरएलमधले जवळपास निम्मे खेळाडू पॅसिफिक बेटांच्या वंशाचे आहेत आणि त्यातली बरीच मुलं चौदाव्या वर्षीच पुरुषासारखी दिसतात, हे खरं. पण तुमचा मुलगा ते चौदावं वर्ष त्यांच्यासमोर काढून सतराव्यापर्यंत आलाय. गाळणी त्याची झाली आहे. या खेळात आजवर सगळ्यात जास्त ट्राय केले ते ब्रायन बेव्हनने, ७९६. सिडनीचा माणूस, इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनकडून खेळला. किडकिडीत, डोक्याला टक्कल, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. फोटो पाहिलात तर पोस्टात पेन्शन घ्यायला आलेले काका वाटतील. आणि १९९५ मध्ये इंग्लंडच्या संघात खेळणारा पहिला दक्षिण आशियाई वंशाचा माणूस, इक्रम बट, तोही विंगरच. आपल्याकडच्यांना हा खेळ झेपतो का, याचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच मिळालंय.

मग सही? माझं मत विचाराल तर करा. मात्र या आठवड्यात नको आणि काही गोष्टी लेखी हातात आल्याशिवाय नको. मुलगा अजून १८ चा झालेला नाही, तुमच्या सहीला वजन आहे, ते वापरून घ्या. क्लबच्या माणसाला भेटून विचारा: गुडघ्याचा लिगामेंट फाटला, नऊ-दहा महिने गेले, तर ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कुणाचा? मेडिकेअरमध्ये (इथल्या सरकारी आरोग्य विम्यात) न बसणारा भाग कोण भरणार? जखमी असताना कराराची मुदत संपली तर उपचार अर्धवट सोडणार का? सराव आठवड्यातून किती दिवस, किती वाजता, आणि त्यात युनिचे किंवा टेफचे (इथल्या सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेचे) वर्ग बसतात का? शिक्षणाचं बघणारा माणूस कोण, त्याचं नाव आणि फोन. आणि एक प्रश्न प्रशिक्षकाला, मुलासमोर: याला फुलबॅक किंवा सेंटर (विंगच्या आतली जागा) खेळायला शिकवणार का? निव्वळ पळतो म्हणून विंगवर ठेवलेला मुलगा, त्याच्याहून जोरात पळणारा आला की संपतो. दुसरी जागा येत असेल तर बाकावर तरी राहतो.

क्लब दोन दिवसांत उत्तर द्या म्हणत असेल तर मला ते आवडणार नाही. ज्यांना मुलगा खरंच हवा आहे, ते चार आठवडे थांबतात.

पार्किंगमधल्या कार्डवाल्याला सध्या फक्त नमस्कार. एनआरएलमध्ये एजंटांना अधिकृत मान्यता घ्यावी लागते. त्याच्याकडे ती आहे का हे आधी तपासा. खेळाडूंची स्वतःची संघटनाही आहे, करारातल्या अटी समजून घ्यायला तिथे विचारता येतं. या पायरीच्या करारात मिळणार किती आणि त्यातून एजंटला द्यायचं किती, हा हिशेब तुमच्या मिस्टरांनी एक्सेलमध्ये मांडला तर त्यांनाही जरा बरं वाटेल.

अजून एक काम, जे कुणी करत नाही. मागच्या वर्षी ज्या मुलांना क्लबने सोडलं, त्यांतल्या दोघांच्या आयांना फोन करा. निवड झालेल्यांच्या घरचे सगळं छानच सांगतात. सोडताना कसं सोडलं, तोंडावर सांगितलं की मेसेज केला, नंतर कुणी चौकशी केली का, हे सोडलेल्यांच्या घरीच कळतं. माझ्या शाळेतला एक विंगर विसाव्या वर्षी बाहेर पडला, आज इलेक्ट्रिशियन आहे, शनिवारी गावच्या क्लबकडून हौसेने खेळतो. त्याच्याच वर्गातला दुसरा आजही टीव्हीवर फुटी लागली की खोलीतून उठून जातो. दोघांचा वेग सारखाच होता. पहिल्याने टेफचा कोर्स सोडला नव्हता, एवढाच फरक मला दिसला.

म्हणून मुलाच्या बाजूच्या अटीही लिहून घ्या. एचएससीला बसायचं, एटार (युनि-प्रवेशासाठीची क्रमवारी) कितीही येवो. युनिला प्रवेश मिळाला तर जागा घेऊन ठेवायची, वाटल्यास एक वर्ष पुढे ढकलायची किंवा अर्धवेळ सुरू करायची. दोन वर्षांनी तिघांनी परत बसून बोलायचं. तुम्ही त्याच्या आयुष्याला होकार देत नाही आहात, फक्त विसाव्या वाढदिवसापर्यंतच्या काळाला देताय. ज्या वाचकांची मुलं क्रिकेट अकादमीत, बॅडमिंटनमध्ये किंवा नाचात अशाच वळणावर उभी आहेत, त्यांनाही मी हेच म्हणेन: करार दोन वर्षांचा असेल तर भांडणही दोन वर्षांचंच करा, चाळीस वर्षांचं नको.

राहता राहिली तुमची कंसातली ओळ. ताई, तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण माझं उत्तर तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. परीक्षेसाठी संघ सोडलेला माणूस आपल्या मुलाला संघासाठी परीक्षा सोडताना बघतोय. त्यांना राग नेमका कशाचा येतोय हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. मुलाला ही गोष्ट माहीत आहे का? माझा अंदाज, नसावी. तुम्ही सांगू नका, त्यांनाच सांगू द्या. उपदेश म्हणून सांगतील तर पोरगा हेडफोन घालेल. त्यापेक्षा मुलाने विचारलेलं बरं: बाबा, चढाईला गेल्यावर कोपऱ्यातला पाय धरायला येतोय हे आधी कसं ओळखायचं? विंगरला दर सामन्यात हेच ओळखावं लागतं, फक्त उलट बाजूने. या एका विषयात त्या घरात दोन जाणकार आहेत आणि ते तीन आठवडे वेगवेगळ्या वेळी जेवतायत.

आणि बाबांना एकदा सामन्याला न्या. करार, सही, काही काढू नका. डावा विंगर दोन्ही हाफमध्ये डावीकडेच खेळतो, पण हाफटाइमला टोकं बदलतात, त्यामुळे पहिल्या हाफला तो पलीकडच्या कडेला असेल तर दुसऱ्या हाफला तुमच्या पुढ्यात, दहा-पंधरा पावलांवर. घडीच्या खुर्च्या दोन घेऊन जा. तो कुठल्या बाजूला खेळतो ते विचारून घ्या आणि दुसऱ्या हाफला जिथे येईल, तिथे त्यांची खुर्ची मांडा. थर्मासमध्ये चहा असू द्या, कॅन्टीनचा चहा त्यांना पाजू नका.